प्रेमाची कसोटी : वि. स. खांडेकर यांचे जीवन आणि त्यांची प्रेमकादंबरी

मराठी कादंबरीच्या इतिहासात प्रेमकथा हा सर्वाधिक वाचला गेलेला आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला प्रकार आहे. प्रेमकादंबरी ही वाचावयाची आणि बाजूला ठेवावयाची गोष्ट, तिच्याविषयी गंभीरपणे बोलण्याजोगे काही नसते, असा एक समज आपल्या अभ्यासक्रमांतूनही रुजला आहे. या समजाला छेद देणारे लेखन ज्यांनी विपुल केले, त्यांत विष्णु सखाराम खांडेकर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. परंतु त्यांना ध्येयवादी, जीवनवादी, बोधवादी अशी विशेषणे इतक्या वेळा लावली गेली आहेत, की त्यांच्या जवळजवळ प्रत्येक कादंबरीच्या केंद्रस्थानी एक प्रेमकथा आहे हेच विस्मरणात जाते. खांडेकरांचे जीवन या दृष्टीने पाहिले असता त्यांच्या प्रेमकथांना आलेले विशिष्ट वळण अधिक स्पष्ट होते, आणि त्या वळणाची मर्यादाही.

खांडेकरांचा जन्म ११ जानेवारी १८९८ रोजी सांगली येथे झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम. वडील सांगली संस्थानात न्यायखात्यात होते. वडिलांचे निधन झाले तेव्हा गणेश तेरा वर्षांचा होता. १९१३ साली तो मॅट्रिक झाला आणि पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकावयास गेला. पुण्यातील या काळात राम गणेश गडकऱ्यांचा सहवास आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या वाङ्मयाचा ध्यास हे दोन संस्कार त्याच्यावर झाले. खांडेकरांच्या भाषेतील अलंकारांचा सोस, कल्पनांची आतषबाजी, सुभाषितांची हौस यांचे मूळ तेथे शोधावे लागते. हा वारसा त्यांनी आयुष्यभर सांभाळला. पुढील पिढीने त्यांना ज्या दोषांसाठी दोषी धरले, त्यांतील बरेच दोष हे गुरूंचे ऋण होते.

१९१६ साली गणेश आपल्या चुलत्यांकडे दत्तक गेला. चुलते सावंतवाडी संस्थानातील नानेली गावचे. दत्तकविधानाबरोबर नाव बदलले, वडिलांचे नाव बदलले. गणेश आत्माराम याचा विष्णु सखाराम झाला. अठराव्या वर्षी, म्हणजे तारुण्याच्या उंबरठ्यावर, माणसाने स्वतःचे नाव दुसऱ्याच्या घरी ठेवून यावे, ही घटना चरित्रकाराने घाईने ओलांडू नये अशी आहे. तिचा खांडेकरांच्या कथांशी थेट कार्यकारणसंबंध जोडणे धाडसाचे ठरेल. तथापि त्यांच्या कादंबऱ्यांतील माणसे प्रेमाच्या क्षणी एकटी कधीच नसतात, त्यांच्यावर नेहमी दुसऱ्या कोणाचा तरी हक्क सांगितला जात असतो, एवढे निरीक्षण नोंदविण्यास हरकत नाही. दत्तक जाऊन संपन्नता लाभली असेही झाले नाही. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट राहिले, प्रकृती ढासळली आणि पुण्याच्या वाङ्मयीन वर्तुळात रमलेला हा तरुण कोकणात येऊन पडला.

१९२० साली ते शिरोडे येथील ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि १९३८ पर्यंत तेथेच राहिले. ही अठरा वर्षे खांडेकरांच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाची. शिरोडे हे वेंगुर्ले तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. मिठागरे, माडांची बने, लाल मातीची वाट आणि गरिबी. शाळेत येणारी मुले आसपासच्या वाड्यांतून चालत येत. त्यांतील अनेकांची फी भरण्याची ऐपत नसे. शाळा चालविणे म्हणजे शिकविणे, वर्गणी मागणे आणि पालकांची समजूत घालणे ही तिन्ही कामे एकाच वेळी करणे होते. पुण्या-मुंबईचे समकालीन लेखक नाट्यगृहे आणि महाविद्यालये यांच्या सान्निध्यात लिहीत असताना खांडेकर कंदिलाच्या उजेडात उत्तरपत्रिका तपासून मग लेखणी हाती घेत होते. सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकातून त्यांनी केलेले लेखन याच काळातले. १९३० साली शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला. ज्या मिठागरांजवळून शाळेतली मुले रोज जात होती तेथे देशभराचे राजकारण अवतरले. खांडेकरांचा आदर्शवाद पुस्तकी होता असे ज्यांना वाटते त्यांनी हा भूगोल ध्यानात घ्यावा.

१९२९ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्यांचा विवाह झाला. तो त्या काळच्या रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांच्या विचाराने जुळविलेला होता. नायक-नायिकांनी एकमेकांना शोधून काढावे असे त्यात काही नव्हते. पुढच्याच वर्षी ‘हृदयाची हाक’ ही त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. प्रेमविवाहाचा अनुभव नसलेला, खेड्यातील शाळेत मुख्याध्यापकी करणारा, संसाराचे ओझे नुकतेच खांद्यावर घेतलेला गृहस्थ मराठीतील सर्वाधिक लोकप्रिय प्रेमकथाकारांपैकी एक व्हावा, यात विसंगती दिसेल. वस्तुतः त्यांच्या प्रेमकथेचे वेगळेपण येथूनच येते. प्रेम कसे जमते या प्रश्नात त्यांना फारसा रस नाही. जमल्यानंतर ते कशाला पुरे पडते, हा त्यांचा प्रश्न आहे.

नेमक्या याच मुद्द्यावर त्यांचा ना. सी. फडके यांच्याशी विरोध मांडला जातो. फडक्यांचे ‘जादूगार’ १९२८ मध्ये व ‘दौलत’ १९२९ मध्ये आले आणि सुशिक्षित तरुण-तरुणींच्या परिचयापासून मीलनापर्यंतचा प्रवास सफाईदार तंत्राने सांगण्याची एक रीत मराठीत रूढ झाली. फडके हेही कोल्हापूरचे. राजाराम महाविद्यालयात ते अध्यापन करीत होते. कला ही कलेसाठी की जीवनासाठी, हा वाद या दोन नावांभोवती इतका घोळला गेला की विद्यार्थ्यांच्या वह्यांत त्याची दोन रकान्यांची तुलना झाली. त्या तुलनेत एक गोष्ट निसटते. फडक्यांची कादंबरी जेथे संपते तेथे खांडेकरांची सुरू होते. आणि वाचक एकच होता. सायंकाळी फडके वाचणारी मुलगी रात्री खांडेकर वाचीत होती. तिला दोघेही हवे होते. मीलनाचे सुख तिला एका पुस्तकातून मिळे, आणि त्या सुखाविषयीची शंका दुसऱ्यातून. हा वाद समीक्षकांनी जितका तीव्र केला तितका तो वाचकांच्या मनात कधी असेल असे मला वाटत नाही.

१९३१ मध्ये ‘कांचनमृग’, १९३४ मध्ये ‘दोन ध्रुव’ आणि ‘उल्का’, १९३८ मध्ये ‘हिरवा चाफा’ आणि ‘दोन मने’, पुढे ‘रिकामा देव्हारा’, ‘सुखाचा शोध’, ‘पहिले प्रेम’, ‘जळलेला मोहर’ अशा कादंबऱ्या झपाट्याने येत गेल्या. त्या सर्वांचा परामर्श येथे घेण्याचे कारण नाही. काहींत पुनरावृत्ती आहे आणि ती खांडेकरांच्या चाहत्यांनीही मान्य केली आहे. परंतु ‘उल्का’ वेगळी आहे. ध्येयनिष्ठ, म्हणूनच निर्धन, अशा शिक्षकाच्या मुलीची ही कथा. वडिलांच्या तत्त्वांची किंमत मुलीला विवाहाच्या बाजारात मोजावी लागते. शिरोड्याच्या शिक्षकाने ही कादंबरी लिहिताना स्वतःच्या व्यवसायालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. ‘पहिले प्रेम’मध्ये तर त्यांनी प्रेमकथेच्या मूळ श्रद्धेलाच हात घातला. पहिले प्रेम हेच खरे, तेच अखेरचे, ही कल्पना कवींनी व नाटककारांनी जोपासलेली. खांडेकरांनी ती तपासावयास घेतली आणि माणूस आयुष्यात पुन्हा प्रेम करू शकतो, त्यात प्रतारणा नसते, असे सुचविले. आज हे विधान निरुपद्रवी वाटेल. १९४० च्या सुमारास, विधवेच्या पुनर्विवाहाकडे अजूनही वाकड्या नजरेने पाहणाऱ्या समाजात, ते तसे नव्हते.

दरम्यान चित्रपटाने त्यांचे जीवन बदलले होते. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने मास्टर विनायक यांच्या दिग्दर्शनाखाली १९३६ साली ‘छाया’ काढला, त्याची कथा खांडेकरांची होती. १९३८ मध्ये त्यांनी शिरोडे सोडले आणि ते कोल्हापुरास स्थायिक झाले. ‘ज्वाला’, ‘देवता’, ‘अमृत’ हे त्यांचे पुढील चित्रपट. चित्रपटकथांच्या लेखनाने आर्थिक स्वास्थ्य आले. तसेच संवाद टाळ्यांसाठी लिहिण्याची सवयही थोडीफार आली असावी, असे या काळातील कादंबऱ्या वाचताना जाणवते. १९४१ साली सोलापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

१९४२ साली ‘क्रौंचवध’ प्रसिद्ध झाली. संस्कृतचे व्यासंगी दादासाहेब दातार, त्यांची कन्या सुलोचना, तिच्या मनात घर करून राहिलेला दिनकर, जो पुढे क्रांतिकारक दिलीप होतो, आणि तिचा पती डॉक्टर भगवंतराव शहाणे, अशी ही मांडणी. वाल्मीकीच्या कथेतील क्रौंचवध हे कादंबरीचे रूपक. तमसेच्या तीरावर एक पक्षी मारला गेला आणि कवीच्या मुखातून श्लोक निघाला. परंतु माणसे मारली जात असताना श्लोक रचीत बसणे पुरेसे आहे काय, असा प्रश्न या कादंबरीत एका पंडिताच्या घरात येऊन उभा राहतो. सुलोचनेचे प्रेम या प्रश्नापासून तोडता येत नाही. दिलीपवरचे प्रेम म्हणजे त्याच्या मार्गाला दिलेला होकार; भगवंतरावांचा संसार म्हणजे त्या मार्गाकडे फिरविलेली पाठ. विवाहित स्त्रीच्या मनातील दुसऱ्या पुरुषाविषयीचे प्रेम इतक्या आदराने मांडणारी मराठी कादंबरी त्या काळात दुर्मिळ होती. स्त्रीच्या तोंडून ही कथा वदविण्यात लेखकाने दाखविलेले धैर्य समीक्षेने पुरेसे नोंदविलेले नाही.

त्यानंतर बारा वर्षे खांडेकरांनी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. जो लेखक वर्षाला एक कादंबरी देत होता तो अचानक थांबला. बंगालचा दुष्काळ, महायुद्धाची अखेर, फाळणी, गांधीजींची हत्या, आणि स्वातंत्र्यानंतर त्वरेने आलेला स्वार्थाचा सुकाळ, हे सर्व या बारा वर्षांत घडले. त्यांचे नायक ज्या ध्येयासाठी प्रेमाचा त्याग करीत होते ते ध्येयच आता अस्पष्ट झाले होते. ध्येय नसेल तर त्यागाची कथा सांगावयाची कशी? १९५४ मधील ‘अश्रू’ हा या कोंडीतून बाहेर पडण्याचा पहिला, काहीसा चाचपडता प्रयत्न. ती पुन्हा एका गरीब शिक्षकाची कथा आहे, परंतु यावेळी त्या शिक्षकाभोवती कसलीही क्रांती नाही. १९५८ साली पत्नीचे निधन झाले. आणि १९५९ साली ‘ययाति’ आली.

‘ययाति’विषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. महाभारतातील उपाख्यान खांडेकरांनी घेतले, पण त्याचे प्रमाण बदलले. मूळ कथेत देवयानीला दोन आणि शर्मिष्ठेला तीन पुत्र; कादंबरीत यदू आणि पुरू असे एकेकच. मूळ कथेत संजीवनी विद्या मिळवून कच निघून जातो तो पुन्हा येत नाही. कादंबरीत तो परततो आणि संयमाचा जिवंत प्रतिनिधी म्हणून अखेरपर्यंत वावरतो. ययातीचा थोरला भाऊ यती हा मुळात नाममात्र. येथे तो स्त्रीद्वेषातून विकृत झालेल्या वैराग्याचे चित्र बनतो. मूळ ययाती पुत्राचे तारुण्य घेऊन सहस्र वर्षे उपभोग घेतो. खांडेकरांच्या ययातीला पश्चात्ताप तत्काळ गाठतो. या बदलांची दिशा एकच आहे. राजवंशाच्या कथेतून त्यांनी चार माणसांची प्रेमकथा वेगळी काढली: देवयानीचे कचावरचे अहंकाराने जळलेले प्रेम, कचाचे अव्यक्त राहिलेले प्रेम, ययातीची प्रेमाचे नाव घेतलेली वासना, आणि शर्मिष्ठेचे काहीही न मागणारे प्रेम. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा असे तीन निवेदक आपापली बाजू मांडतात, आणि वाचकाला न्यायाधीशाच्या आसनावर बसविले जाते.

या रचनेचे सामर्थ्य मला एका अनपेक्षित ठिकाणी उमगले. तळवडे म्हटले की खांडेकरांच्या वाचकाला सावंतवाडी तालुक्यातील, शिरोड्याच्या पंचक्रोशीजवळचे तळवडे आठवावे. माझा संबंध आला तो देहूजवळच्या, इंद्रायणीकाठच्या तळवड्याशी. एकेकाळचे हे शेतीचे गाव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि त्याच्या एका अंगाला संगणक उद्योगांच्या इमारती, तर दुसऱ्या अंगाला चाकणपर्यंत पसरलेले कारखाने आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आलेले तरुण-तरुणी तेथे खोल्या घेऊन राहतात, पाळ्यांमध्ये काम करतात आणि उरल्या वेळात बहिःस्थ पदवीचा अभ्यास करतात. अशा काहींबरोबर ‘ययाति’ वाचण्याचा योग आला. ययाती दोषी की देवयानी, या ठरलेल्या प्रश्नाभोवती चर्चा फिरेल अशी माझी अपेक्षा होती. एका मुलीने वेगळेच विचारले. अलका आणि मुकुलिका यांची बाजू कोणी का सांगत नाही?

प्रश्न साधा आहे आणि तो कादंबरीच्या वर्मावर बोट ठेवतो. मुकुलिका ही राजवाड्यातील दासी. ययातीच्या पहिल्या देहानुभवानंतर तिला राजवाड्याबाहेर काढले जाते. अलका ही त्याच्या बालपणापासूनची मैत्रीण, दाईची मुलगी. राजमातेच्या आज्ञेने तिला विष दिले जाते. ययातीच्या अधःपाताची सुरुवात या दोघींच्या विनाशातून होते. परंतु निवेदनाचा अधिकार कादंबरीने ज्या तिघांना दिला ते तिघेही राजकुळातले वा ऋषिकुळातले. शर्मिष्ठा दासी असते हे खरे, पण ती दासी झालेली राजकन्या आहे. तिच्या दास्याला एक तेज आहे आणि ते तेज जन्माचे आहे. जन्मजात दासीला खांडेकरांच्या करुणेत स्थान आहे, तिच्या तोंडी स्वतःची कथा मात्र नाही. ज्या लेखकाने शिरोड्याच्या गरीब मुलांसाठी तारुण्याची अठरा वर्षे वेचली, त्याच्याकडून हे व्हावे, याचा विषाद वाटतो. मला ही मर्यादा इतकी वर्षे दिसली नव्हती, हेही येथे मान्य केले पाहिजे. ज्यांना त्या दोघींच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे अवघड जात नव्हते त्यांनाच ती प्रथम दिसली.

याच मर्यादेची दुसरी बाजू म्हणजे त्यागाची विभागणी. खांडेकरांच्या कादंबऱ्यांत प्रेमाची किंमत बहुधा स्त्री देते. रात्री तान्ह्या पुरूला उराशी घेऊन हस्तिनापूर सोडते ती शर्मिष्ठा. ययाती राजवाड्यात राहतो आणि दुःख करतो. लेखकाला या अन्यायाची जाणीव आहे. त्याचा नायक स्वतःच आपल्या भ्याडपणाची कबुली देतो. तरीही कबुली देणारा नायक आणि सोसणारी नायिका ही वाटणी बदलत नाही. या आक्षेपामुळे ‘ययाति’ त्याज्य ठरते असे मी म्हणणार नाही. उलट, वाचकाला असा आक्षेप घेता यावा इतका अवकाश तीन निवेदनांच्या रचनेनेच निर्माण केला आहे. तिघांना बोलू दिले म्हणून चौथीचे मौन ऐकू येते.

‘ययाति’ला १९६० सालचा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. याच सुमारास मराठी कादंबरीची अभिरुची मात्र पालटत होती. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि खांडेकरांची अलंकृत भाषा एका पिढीला अचानक परकी वाटू लागली. महाराष्ट्रात समीक्षक त्यांच्याकडे पाठ फिरवीत असताना महाराष्ट्राबाहेर त्यांचा वाचक टिकून होता. गुजरातीत गोपाळराव विद्वांस यांनी आणि तमिळमध्ये का. श्री. श्री. यांनी केलेल्या अनुवादांमुळे त्या भाषांत ते जणू तेथलेच लेखक झाले. भाषेचे अलंकार अनुवादात बरेचसे गळून पडतात. उरते ती कथा आणि तिच्यातील पेच. तमिळ वाचकाला जे भावले ते अलंकाराशिवायचे खांडेकर होते, ही गोष्ट आपल्या समीक्षेला बरेच शिकवून जाणारी आहे.

१९६७ मधील ‘अमृतवेल’ ही त्यांच्या प्रेमविचाराची शांत झालेली आवृत्ती. विमान-अपघातात वाग्दत्त पती गमावलेली नंदा, तिची मैत्रीण वसुंधरा आणि वसुंधरेचा पती देवदत्त. येथे प्रेमत्रिकोणाची सर्व सामग्री आहे आणि लेखक त्रिकोण होऊ देत नाही. नंदाला वडिलांनी लिहिलेले पत्र या कादंबरीतील सर्वांत प्रसिद्ध भाग. अनेकांनी ते वह्यांत उतरवून घेतले. माझ्या मते त्या पत्राहून महत्त्वाचे आहे नंदाचे वर्तन. दुसऱ्याच्या मोडत चाललेल्या संसारात राहून ती तो सावरू पाहते आणि देवदत्ताविषयी मनात जे उमलते त्याला नाव देत नाही. वसुंधरेशी असलेली मैत्री तिला प्रेमाइतकीच मोलाची वाटते. दोन स्त्रियांमधील मैत्रीला प्रेमकादंबरीत इतके वजन क्वचितच मिळाले आहे.

उत्तरायुष्यात सन्मान पुष्कळ झाले. १९६८ मध्ये पद्मभूषण, १९७० मध्ये साहित्य अकादेमीचे सन्मान्य सदस्यत्व, आणि ‘ययाति’च्या निमित्ताने १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार, मराठीला मिळालेला पहिलाच. परंतु या वर्षांत त्यांची दृष्टी गेली होती. वाचन दुसऱ्याच्या डोळ्यांनी आणि लेखन दुसऱ्याच्या हाताने चाले. आयुष्यभर पत्रांना स्वतः उत्तरे देणारा, अनोळखी तरुणांच्या घरगुती आणि प्रेमविषयक अडचणींवर सल्ला देणारा हा माणूस आता पत्रे ऐकत असे आणि उत्तरे सांगत असे.

२ सप्टेंबर १९७६ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. जन्म सांगलीचा आणि मृत्यू मिरजेचा. दोहोंमधील अंतर काही कोसांचेच, पण मधला प्रवास नानेली-शिरोड्यावरून गेलेला. ‘एका पानाची कहाणी’ हे आत्मचरित्र त्यांच्या पश्चात, १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्यात शाळा आहे, दारिद्र्य आहे, लेखनाच्या खटपटी आहेत. प्रेमाविषयी मात्र प्रेमकादंबरीकाराने स्वतःसंबंधी फारच थोडे सांगितले आहे.